तिसऱ्या सीडीतली घंटी

त्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि मी तीन सीड्या विकत आणल्या. दोन अ‍ॅसिड जॅझच्या, एक फंकची. पहिली भिकार निघाली. लग्नाच्या हॉलात कीबोर्डवाला जेवायला गेल्यावर त्याच्या मेव्हण्यानं वाजवावं, तसलं वाजवणं. दुसरीतला ड्रमवाला लई भारी, पण गाणारी बाई अशी कण्हायची की वाटे, हिला आधी डॉक्टरकडं न्या. तिसरी फंकची. तिच्यातला बेस थेट पोटात शिरायचा. चौथ्या गाण्यात सगळे मधेच थांबायचे आणि एक घंटी एकटीच वाजायची. टण, टटण. त्या घंटीवर मी फिदा होतो.

त्याच महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, कायमचे राहायला आले. सोयगावकडं चारा नाय, पाणी नाय. सगळी मेंढरं विकली. व्यापाऱ्यानं ती टेम्पोत चढवली, गळ्यातल्या घंट्यांसकट. निदान घंट्या तरी सोडवून घ्यायच्या, हे आबांना टेम्पो गेल्यावर सुचलं. आमच्या समोर नव्या इमारतीसाठी बोअर पाडत होते. त्या घरघरीत ते दिवसभर भिंतीला टेकून गप बसायचे.

एका रविवारी ऑफिसातला मित्र आला. त्याच्यापुढं ज्ञान पाजळत मी चौथं गाणं लावलं. घंटी वाजली तसे आबा सरकत स्पीकरपाशी आले.

"ही पत्र्याची हाय," ते म्हणाले. "आतला लोळा काढलाय, वरनं काडीनं मारतोय. माझ्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात अश्शीच होती."

"क्या बात है चाचा," मित्र मला डोळा मारत म्हणाला, "याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतंय."

माझं डोकं सणकलं. "आबा, हे संगीत आहे, मेंढरं नायत. आत जाऊन बसा," मी म्हणालो. ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "त्ये घंटीचं लाव की एकडाव."

"सीडी खराब झाली."

"व्हय?"

"व्हय."

मग रोज विचारायचे, नीट झाली का. मी रोज नाय म्हणायचो, आणि त्यांच्यासमोरच हेडफोन लावून तेच गाणं ऐकायचो. खोटं कशाला बोलू, म्हातारा तरसला की मला बरं वाटायचं. हलकट होतो, दुसरं काय.

एका दुपारी असाच ऐकत पडलो होतो. आबा समोर बसलेले, नजर माझ्या पायांवर. गाणं मधे थांबलं. त्यांचे ओठ हलले म्हणून मी एक कान मोकळा केला.

"आता घंटी आली," ते म्हणाले. "तुझ्या पायाचा अंगठा सांगतोय."

मी हेडफोन परत कानावर दाबला, आणि भर उन्हाळ्यात पायांवर चादर ओढून घेतली.