मुळासकट
छापखान्याच्या शाईचा वास आला की पंचवटीतली ती दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी हरसूलच्या बाजारात दारूच्या गुत्त्याविरुद्धचं माझं पत्रक वाटायचं होतं, आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून पडद्यावर अशा रंगीत पट्ट्या नाचत होत्या की प्रूफ वाचताच येईना. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याच्या आड येत असणार म्हणून मी दोनदा काढला, दोन्ही वेळा पट्ट्या परत आल्या. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "फॉरमॅट मारा." पण पत्रक त्याच मशीनमध्ये होतं, दुसरी प्रत नव्हती! तेवढ्यात छापखानेवाले काका खेकसले, "मथळा देतेस 'गुत्ता मुळासकट उपटा', आणि इथं वरवर खुरपतेस होय गं? हरळी अशी जाते का?" मी चपापले. मग मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं, जुन्या ड्रायव्हरच्या दडून बसलेल्या फाइली एकेक करून पुसल्या आणि नवा ड्रायव्हर टाकला. पडदा लख्ख झाला, माझा मथळा काना-मात्रेसह ताठ उभा राहिला. "आत्ता कसं!" काकांनी टेबलावर थाप मारली. संध्याकाळी शाई वाळायच्या आतच मी पत्रकं पिशवीत भरली. आजही कुणी म्हणालं, "थोडं राहिलं तर काय बिघडतं?", की मी काकांच्याच आवाजात विचारते, "हरळी अशी जाते का?"