पक्ष पेन्सिलनं

माझे मामा एका दैनिकाच्या कात्रणखोलीत एकतीस वर्षं नोकरीला आहेत. रोजची वर्तमानपत्रं वाचायची, पुढाऱ्यांविषयी जे छापून येईल ते कापायचं आणि ज्याचं त्याच्या पाकिटात टाकायचं, हे त्यांचं काम. खोली तळघरात. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे तिच्यातून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. बुटांवरून माणूस ओळखता येतो याचा मामांना भारी अभिमान आहे.

निवडणूक जवळ आली तसं संपादकांनी फर्मान काढलं. महिन्याभरात सगळे पुढारी संगणकावर आले पाहिजेत आणि मामांना तो स्वतः चालवता आला पाहिजे, नाहीतर कात्रणखोली बंद. मामांच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. मामींनी लगेच मला फोन केला. "हा माणूस घरी बसला, तर माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची पाकिटं करेल. तू काहीतरी कर."

मी प्रोग्रॅमर आहे आणि फुशारकी मारायला मला निमित्त लागत नाही. दोन आठवडे, म्हटलं. सभागृहाची, पक्षांची, वर्तमानपत्रांची संकेतस्थळं धुंडाळून प्रत्येक पुढाऱ्याची माहिती आपोआप वेचून आणणारं टूल करायचं होतं. याला वेब स्क्रेपिंग म्हणतात. मामांना मी सांगितलं की कात्रणंच कापायची आहेत, फक्त कात्री नाही.

टूल आठ दिवसांत झालं. मामांना ते जमेपर्यंत पुढचे तीन आठवडे गेले. पहिल्यांदा मी त्यांच्या घरी त्यांच्यापुढे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि अदबीनं विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मग मी बटणं केली आणि त्यांच्यावर मामांचेच शब्द घातले: 'काप', 'पाकिटात टाक', 'राहू दे'. अक्षरं एवढी मोठी, की मामींना ओट्यापाशी उभं राहून वाचता यायची. तारखेचा शिक्का नाही म्हणून मामा हिरमुसले, तर मी तोही दिला, 'ठप्प' असा आवाज करणारा. त्या दिवशी त्यांनी तो चाळीस वेळा मारला. बटण दाबण्याआधी मात्र ते जिभेला बोट लावायचे. एकतीस वर्षं पानं उलटली होती त्यांनी, त्याला माझ्याकडे इलाज नव्हता.

एकदा मध्येच म्हणाले, "पक्ष पेन्सिलनं लिहायचा हं. बाकी सगळं शाईनं." मला वाटलं विनोद केला, म्हणून मी खो खो हसले. मामा हसले नव्हते. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण मी हुशार पडले ना.

मुदत संपली तसे संपादक खाली आले. मामांनी बोट ओलं केलं, 'काप' दाबलं आणि बारा मिनिटांत अख्खं सभागृह पडद्यावर हजर. संपादक थक्क झाले. मामांना उठवून स्वतः बसले, दोन पाकिटं भरली, एक शिक्काही मारला. मग उठत म्हणाले, "हे तर इतकं सोपं आहे की मलाही जमतंय. मग याला वेगळा माणूस कशाला?"

मामांसाठी म्हणून मी इतकं सोपं केलं, की मामाच नको झाले. दुसऱ्याच दिवशी वरच्या मोडक्या खुर्च्या खोलीत येऊन पडल्या. महिनाअखेरीला मामा घरी बसणार होते, आणि समजूत तेच माझी घालत होते. म्हणाले, "शिक्का मात्र छान वाजतो."

तीन दिवसांनी संपादकांनी स्वतःच्या हातानं उमेदवारांचं पान काढलं. त्यात नदीकाठच्या मतदारसंघात एकाच नावाचे तीन उमेदवार निघाले, तिघे तीन पक्षांचे. एक म्हणत होता पूल बांधा, दुसरा म्हणत होता पाडा, तिसऱ्याच्या मते तो केव्हाच बांधून झाला होता. फोटोत एकाचे केस काळे, एकाचे पांढरे, एकाचे पुन्हा काळे. संपादकांनी वर ठळक मथळा दिला: 'मतदारांना गोंधळात टाकण्याचा डाव?'

पान छापून आलं त्या सकाळी दहा वाजता मामांना खिडकीतून पांढरे बूट दिसले. "आले," ते म्हणाले, "तिघेही आले."

तो एकच माणूस होता आणि भयंकर चिडला होता. चूक माझी होती. नाव आणि पक्ष मिळून एक माणूस, असं मी टूलला शिकवलं होतं, त्यामुळे जितके पक्ष तितकी माणसं. मामांनी त्या गृहस्थांचं पाकीट काढलं. नाव, गाव, आईवडील, शाळा, सगळं शाईनं. पक्षाच्या जागी पेन्सिलनं लिहून इतक्यांदा खोडलं होतं, की कागदाला भोक पडलं होतं. संपादकांनी त्या भोकातून बोट घालून पाहिलं. पाकिटाचे मालक आल्या पावली निघाले.

मी दुरुस्ती करायला बसले, पण कोण कोणाचा मुलगा, कोणाचं नुसतं नाव सारखं आणि कोण तोच माणूस दुसऱ्या फोटोत, हे संकेतस्थळांना ठाऊक नव्हतं. ते एकाच माणसाला ठाऊक होतं. म्हणून मी आणखी एक बटण केलं: 'मामांना विचार'. जिथं संशय तिथं टूल अडतं, संपादकांना ते बटण दाबावं लागतं आणि तळघरात घंटी वाजते.

गेल्या सोमवारी सकाळी एका पुढाऱ्यानं वाजतगाजत पक्ष बदलला. घंटी वाजली. मिरवणूक रस्त्यावरून जाताना मामांनी खिडकीतून त्याचे बूट पाहिले आणि वर निरोप धाडला की संध्याकाळपर्यंत थांबा. संध्याकाळी गृहस्थ जुन्या पक्षात परत. बाकीच्या सगळ्या वर्तमानपत्रांना खुलासे छापावे लागले.

मोडक्या खुर्च्या परत वर गेल्या आहेत. त्यातल्या त्यात बरी अशी एक मामांनी ठेवून घेतली. संपादक खाली आले की तिच्यावर बसतात आणि मामांचं वाचून होईपर्यंत थांबतात.