उत्तमभाऊंचा अंगठा

काही घरांत लोणची मुरतात, आमच्या बेला गावात कांबळे गुरुजींच्या ओसरीवर किस्से मुरतात. फक्त बहुतेक किश्श्यांत तोंडघशी पडते ती मीच!

निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींनी तांब्याच्या भंगारातून वर्षानुवर्षं नखाएवढी रोमन नाणी वेचली. ती आता गावच्या शाळेला द्यायची आणि कपाटावर पाटी लावायची, 'नाणी ओळखणारे'. पुढे एकच नाव. मी विलायतेत नाण्यांचं शास्त्र शिकून, गावाला इतिहास दाखवायचाच म्हणून परत आलेली. ते नाव मला हवं होतं. आडवे आले उत्तमभाऊ, रिटायर्ड बस कंडक्टर!

*

दर रविवारी ओसरीवर नाणी ओळखायची ठरलं. पहिल्या रविवारी एका नाण्यासाठी मी भिंग, दिवा, जाडजूड कॅटलॉग मांडला. चाळीस मिनिटांनी ओरडले, "दोन शिपाई, मधी झेंडा!"

गुरुजी हळूच म्हणाले, "उत्तमनं मघाच सांगितलं, बाई. तुमी भिंग पुसून राह्यल्या होत्या."

उत्तमभाऊंनी डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला होता!

*

"कसं जमतं हो?" मी विचारलं, शक्य तितकं गोड.

"मॅडम, तामसीच्या गाडीत माणसावर माणूस. एका हातात दांडा, दुसऱ्यात चिल्लर. मान वाकवून पाहाले जागा कुठी होती?"

आमच्या कोर्सला हा पेपरच नव्हता!

*

मग मीही घरी आठवडाभर डोळे मिटून सराव केला. रविवारी डब्यातलं एक नाणं उचललं. "दोन बुरूज, मधी दार. रोमन छावणीचा दरवाजा!"

"बाई, डोळे उघडा," गुरुजी म्हणाले. "चारमिनार हाय तो. निझामाची दोन आण्याची चवली मिसळली वाटते!"

उत्तमभाऊ हसलेसुद्धा नाहीत. त्याचाच जास्त राग आला.

*

चार नाणी मी गुरुजींच्याच घरी शुद्ध पाण्यात भिजत ठेवली होती. गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, ती चिंच-राखेनं घासून लख्ख केली. चेहरे साफ गायब!

"पाव्हणे येनार अन् तांबं काळं काऊन ठेवाव?"

मला रडू फुटलं. खरं सांगते, रडतानाच मनात आलं, आता त्या अंगठ्यालाही काही लागणार नाही. जरा बरं वाटलं!

*

शेवटी जिंकले मीच. शिपायांच्या पायाखाली बारीक अक्षरं असतात, त्यावरून टांकसाळ कळते. ती अंगठ्याला लागत नाहीत. मी एकेक वाचून दाखवली. उत्तमभाऊ स्वतःच म्हणाले, "गुरुजी, मॅडमचंच नाव लिवा."

शाळेत पाटी लागली. दुसऱ्याच दिवशी एक आजी पदराच्या गाठीत नाणं बांधून बसनं आल्या. पाटीवरचं माझं नाव त्यांनी नातीकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मी भिंग काढून उभीच होते.

आजींनी मला खालीवर पाहिलं. "हे नाव झालं, माय. पण नाणं पाहाणारे उत्तमभाऊ कुठी बसतेत?"