न वाचलेला ता. क.

कुणाच्या अंगात आलं, कुणाला दृष्टान्त झाला, कुणाला आवाज ऐकू आला, असं कुणी सांगायला लागलं की मी आधी बघते, याला यातून काय मिळणार आहे. स्वभावच तसा. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे भुताखेतांचं आमच्या घरात काही नव्हतं. पण आमच्यातही सभा होतात, माणसं रडतात, उठून साक्ष देतात... त्यावरही माझा फारसा भरवसा नव्हता. गुजरातेत दारूबंदी, तरी दर सभेत दारू सोडणारे दोघे-तिघे निघायचेच. आणि दिवाळीनंतर लाभपाचमीला कारखाने उघडले, की त्यांतला एक तरी पुन्हा भिंत धरून चालताना दिसायचा.

हे मी लेकीच्या जुन्या चोपड्यात लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, घसा सुकतो. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढं अक्षर हाताशी आहे. कुणी कधी वाचलंच, तर त्याने आपलं आपण ठरवावं.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. माझे मालक आणि थोरले दीर, दोघेही बडोद्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यांत लागले. तिथेच दोन खोल्या घेतल्या. पुढे ओटला, मागे मोरी. घरात सासूबाई, आम्ही दोघी जावा आणि जाऊबाईंचे दोन मुलगे. थोरल्या जाऊबाईंचं नाव शांता, मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. त्यांना अक्षरओळख नाही. गावाहून त्यांच्या आईचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. पुरुषांना वाचता येत होतं, पण आईचं पत्र पुरुषाच्या तोंडून ऐकायला बाईंना नको वाटायचं. त्यांच्या आईलाही लिहिता येत नव्हतं. गावातले शाळेचे मास्तर लिहून द्यायचे. गोल, मोठं अक्षर.

पत्र वाचताना मला फार बरं वाटायचं, हेही लिहून ठेवते. त्या घरात मी बोलायचे ती तेवढीच वेळ.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मला सातवा महिना होता. त्याआधीचं एक मूल आठव्यात गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरबाईंनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं होतं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. घरातलं सगळं बाई एकट्या करायच्या. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारी अंतर्देशीय पत्र आलं. मी मोरीच्या दाराशी दोन-चार लहान कपडे पुढ्यात घेऊन बसले होते. बाई पलीकडे भांडी घासत होत्या आणि सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी पत्र फोडून वाचायला लागले. भुईमूग निघाला, शेळी व्याली, नाताळला येशील तेव्हा मला लुगडं आणू नको, आहे ते पुरे. मग खाली मास्तरांची सही. आणि सहीच्या खाली, घडीच्या पट्टीवर बारीक अक्षरात —

'ता. क. तुमच्या आईंनी लिहू नका म्हटलं, पण मी माझ्या मनाने लिहितो. त्यांच्या अंगात आता काही राहिलेलं नाही. नाताळाची वाट बघू नका.'

माझ्या डोळ्यांनी ते वाचलं. तोंडाने मी म्हटलं, "सर्वांस सलाम."

एवढंच. ठरवून केलं असं म्हणवत नाही आणि चुकून झालं असंही म्हणवत नाही. बाई गेल्या तर पाणी कोण भरणार, माझं हेही मूल जाणार, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि जिभेवर सलाम आला.

बाईंनी विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

त्यांनी हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग माझ्या पुढ्यातल्या कपड्यांकडे बघून म्हणाल्या, "तुझं होऊ दे आधी, मग बघू." मला वाटलं, धुण्याचं म्हणतायत. मोरी एकच होती. मी आपले कपडे उरकले. त्यांच्या आंघोळीसाठी बंब पेटवला, तेव्हा ते पत्र आत घातलं. नेहमी बाई पत्र मागून घेऊन ट्रंकेत ठेवायच्या. ते त्यांनी मागितलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात तार आली. बाई पोचल्या तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आईची माती मिळाली नाही. जानेवारीत माझी लेक झाली, धडधाकट. बाईंनीच तिला न्हाऊ घातलं, तिचं सगळं केलं. ती माझ्यापेक्षा त्यांच्या कमरेवर जास्त वाढली.

तेव्हापासून मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत देतात ती भाकर, घेणं सोडलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वेदीपाशी जायची वेळ झाली की पोरीला चिमटा काढायचा, ती रडली की तिला घेऊन बाहेर जायचं. ती चालायला लागल्यावर तिची शू, तिचं पाणी. सहा वर्षं अशीच काढली. लपवलेलं पाप घेऊन ती भाकर खायची माझी हिंमत नव्हती, आणि सांगायची तर मुळीच नव्हती. सांगितलं असतं तर बाईंनी माझ्या पोरीला पुन्हा कमरेवर घेतलं असतं का?

मग विझत चाललेला विश्वास जागवायची ती उज्जीवन सभा आली. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस, दुपारी चारला, चर्चच्या आवारात मांडव टाकून. बाहेरगावचे उपदेशक हिंदीत बोलायचे आणि आमचे पाळकसाहेब ते मराठीत करून सांगायचे. पहिल्या दिवशी उपदेशक म्हणाले, इथे कुणीतरी फार वर्षं एक गोष्ट लपवून बसलं आहे, त्याने पश्चात्ताप करावा. बायका मुसमुसायला लागल्या. मला मनात हसू आलं. दीडशे माणसांत कुणीतरी काहीतरी लपवलेलं असणारच. लहरीपुऱ्यात पोपट घेऊन बसतो तोही एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी साक्षीची वेळ झाली, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या जाऊबाईच उठल्या. मी पदर धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. जन्मात कधी चारचौघांत न बोललेली बाई. पुढे जाऊन मान खाली घालून एका दमात बोलल्या.

"मी आईची अपराधी आहे. मास्तरांनी पत्रात खाली लिहिलं होतं, नाताळाची वाट बघू नका. मी वाट बघितली. घरात कामं आहेत असं देवाला सांगत बसले. आई गेली."

बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. ती संपेपर्यंत सगळे थांबले. मग पाळकसाहेबांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला तिचा शब्दही ऐकू आला नाही.

पत्र जळून सहा वर्षं झालेली. मी कुणाला बोललेली नाही, मालकांनासुद्धा नाही. मग या बाईला ही ओळ कुठून कळली?

पुढचे दोन दिवस मी सगळ्यांवर नजर ठेवली. पाळकबाई हसून बोलल्या तर वाटायचं, यांना सगळं माहीत आहे. बाई चोरून वाचायला शिकल्या असतील, आणि बंबात घालण्याआधी पत्र बघितलं असेल, असंही मनात आलं. तिसऱ्या दिवशी सभेत मी त्यांच्या हातात गीतपुस्तक मुद्दाम उलटं दिलं. त्यांनी ते तसंच धरलं आणि पाठ असलेलं गीत शेवटपर्यंत म्हटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "शांताबेन, पुस्तक तरी सीधू पकडो." त्या म्हणाल्या, "मला काय, दोन्हीकडून सारखंच." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. नाटक करायचं तर माणूस हेच करील.

सगळ्यांत जास्त भीती ही, की ही ओळ चारचौघांत बोलली, आता 'सुमनने लपवली' हे कधी बोलणार? माझ्याकडून वदवून घ्यायला थांबली आहे का?

लाभपाचमीला कंपनीच्या बसने पुरुष कामावर गेले. सासूबाई ओटल्यावर उन्हात होत्या. मोरीशी आम्ही दोघी. बाई माझ्या लेकीचा फ्रॉक घासत होत्या.

मी म्हटलं, "बाई, एक सांगायचंय."

"सांग की. हात चालव."

"तुमच्या आईचं शेवटचं पत्र... ते मी पुरतं वाचलं नव्हतं."

"वाचलंस की."

"नाही. शेवटचा ता. क. गाळला. मास्तरांनी खाली —"

"नाताळाची वाट बघू नका," बाई म्हणाल्या. "तूच वाचलंस. आवाज बारीक झाला होता तुझा."

"मी सलाम वाचला त्या जागी."

"सलाम आधी वाचलास. मग ते वाचलंस."

मी म्हटलं, "मग तुम्ही गेला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पोरीने काही खुळ्यासारखं विचारलं की बघतात. "तुला म्हटलं नव्हतं, तुझं होऊ दे आधी?"

म्हणजे ते धुण्याचं नव्हतं, माझ्या बाळंतपणाचं होतं. बाई फ्रॉक पिळून म्हणाल्या, "सभेत मी तुझं नाव घेतलं नाही. का थांबले ते बोलले नाही. बोलले असते तर उद्या कुणी पोरीला म्हणालं असतं, तुझ्यापायी आजीची माती चुकली."

"पण बाई, पाप माझं आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मला ठाऊक होतं. माझी आई, माझं पाप. तू नको ओढू तुझ्याकडे."

"मी खरं सांगते, मी वाचलं नाही."

"आणि मी काय खोटं सांगते?"

आमचा आवाज चढला असावा, कारण ओटल्यावरून सासूबाई ओरडल्या, "साबणावरून भांडताय का गं?"

दुपारी मी सासूबाईंचे पाय चेपायला बसले आणि आडून विचारलं, ते पत्र आठवतं का. त्या फणकारल्या. "न आठवायला काय झालं? शेवटी 'सर्वांस सलाम' म्हणालीस. विहीणबाईंनी दर पत्रात माझं नाव घालून सलाम धाडला, आणि त्याच पत्रात सगळ्यांच्या बोचक्यात मला बांधलं."

"त्याच्यापुढे काही वाचलं का मी?"

"काय वाचणार? सलामापुढे काय असतं?"

म्हणजे त्याच खोलीत, हातभर अंतरावर, सासूबाईंनी ऐकलं ते मी बोलले तेच. आणि बाईंनी ऐकलं ते मी बोललेच नाही.

मी सोडून दिलं नाही. पुढे तीन-चार वर्षांनी बाईंच्या माहेरी एका लग्नाला गेलो, तेव्हा मास्तरांना गाठलं. रिटायर झाले होते. एवढं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. मातीच्या वेळी बाईंना तुम्ही त्या ओळीबद्दल काही बोललात का, असं विचारलं. ते म्हणाले, "मी तेव्हा नगरला मुलीकडे होतो. आणि बोलणार काय? लिहूनही पोरगी आली नाही, याचा मला राग होता. कुणापाशी शब्द काढला नाही. म्हातारीलाही सांगितलं नव्हतं की मी तसं लिहिलंय." खरं बोलत असतील. वय झालं होतं, विसरलेही असतील. एखादवेळेस कुणाला बोलले असतील आणि ते फिरत फिरत बाईंपर्यंत आलं असेल.

असं असलं, तर बाईंना सगळं आईच्या मातीलाच कळलेलं असणार. म्हणजे जानेवारीत माझ्या लेकीला पहिलं पाणी घातलं तेव्हा ठाऊक होतं. आणि सहा वर्षांनी भर सभेत माझा अपराध त्यांनी स्वतःच्या नावावर सांगितला, आणि अजूनही माझ्यासाठी खोटं बोलतात. हे मानायचं, की मी न उच्चारलेली ओळ त्यांनी ऐकली हे मानायचं? दोन्हींतलं कुठलं जास्त अशक्य आहे ते मला सांगता येत नाही.

एकदा मी परीक्षाही घेतली. त्यांच्या भावाचं पत्र आलं होतं, त्यातली बैल विकल्याची ओळ मुद्दाम गाळली, आणि मग विचारलं, बैलाचं ऐकलं ना? त्या म्हणाल्या, "कुठला बैल?" तेव्हा अशी काही विद्या त्यांच्यापाशी नाही. माझी जीभ माझ्या नकळत चालली म्हणावं, तर सासूबाईंनी कसं ऐकलं नाही?

आता पत्रं बंद झाली. दीर रिटायर झाल्यावर बाई गावी गेल्या, मुलगे फोन लावून देतात. मी अजून विचार करते आणि दर वेळी बंबाच्या तोंडाशी येऊन थांबते. ते पत्र जाळलं नसतं तर निदान एवढं तरी बघता आलं असतं, की ती ओळ त्यावर खरंच होती. तेवढं एक मास्तरांनी कबूल केलं, म्हणून मी वेडी नाही हे कळलं. बाकी काही कळलं नाही.

ता. क. एक लिहायचं राहिलं. त्या लाभपाचमीनंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी सवयीने पोरीचा हात धरून दाराकडे निघाले. बाईंनी पोरीला सासूबाईंच्या मांडीवर बसवलं आणि माझं मनगट धरून मला वेदीपाशी नेलं. आम्ही शेजारी गुडघे टेकले. सहा वर्षांनी भाकर तोंडात घेतली, ती घशाखाली उतरेना. बाई खाली बघतच हळूच म्हणाल्या, "झालं?"

मागच्या वेळी मी चटकन 'झालं' म्हटलं होतं. या वेळी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. त्या उठल्या नाहीत. मागे माणसं खोळंबली, पाळकसाहेबांनी दोनदा बघितलं, तरी माझा घास उतरेपर्यंत त्या तशाच गुडघ्यांवर थांबून राहिल्या.