अळंबीचं नाव ठरेपर्यंत

तुमच्या ओळखीत कुणी अळंबीवर संशोधन केलेलं माणूस आहे का? आमच्या कानडी मुलखातल्या येलहंक्याच्या कॉलनीत आहे. शरदकाका. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पाऊस पडला की त्यांचं ऑफिस सुरू! शेजारी राहून किस्से आपोआप साठतात.

*

वारुळावर उगवणारी पांढरी अळंबी हा काकांचा जन्माचा विषय. खालच्या मजल्यावरचा पुण्याचा आयटीवाला मुलगा तशीच एक घेऊन आला. काकांनी कूळ, प्रजाती, जाती सगळं समजावलं. चहा गार झाला.

"पण काका, खाऊ ना?"

"आधी नाव ठरू दे."

*

मध्यंतरी शास्त्रज्ञांनी त्या अळंबीचं कूळच बदललं. काकांनी दोन दिवस कुणाचा फोनही घेतला नाही. शेवटी काकांच्या पत्नी उषाअक्कांना नणंदेनं फोनवर विचारलं, घरात सगळं ठीक ना? अक्का म्हणाल्या, "बदली झालीय."

"कुणाची?"

"अळंबीची."

*

मीही एकदा वारुळाजवळची अळंबी नेऊन दाखवली. काकांनी तिची छत्री कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली. रात्रभरात बीजाणू गळून कागदावर ठसा उमटतो. गुलाबी आला तर ही वारुळावरची, हिरवट आला तर तिच्यासारखीच दिसणारी विषारी. सकाळी ठसा गुलाबी होता आणि अळंबीत अळ्या पडल्या होत्या.

"खाण्याजोगी होती," काका म्हणाले.

*

अक्का सावंतवाडीकडच्या. लहानपणापासून अळंबी खाल्लेल्या. पण लग्न झाल्यापासून ताजी एकदाही नाही, कारण ठसा येईपर्यंत ती टिकतच नाही. गेल्या पावसात कॉलनीमागच्या वारुळावर त्यांना पदरभर मिळाली. एक काकांच्या हातावर ठेवली, बाकीची कांदा-खोबरं घालून परतली. मी तिथेच होते.

काकांनी लांब मूळ पाहिलं, वास घेतला. बहुतेक तीच आहे म्हणाले, पण बहुतेक म्हणजे नाव नव्हे. सकाळपर्यंत थांब.

अक्कांनी एकच ताट घेतलं. "सरी, ठीक आहे. तुम्ही थांबा. मी जेवते."

त्यांनी पहिला घास घेतला. काका ताटाकडे बघत राहिले. मग उठले, हातातल्या अळंबीची छत्री कागदावर ठेवून वाटीखाली नीट झाकली, हात धुतले आणि अक्कांच्या शेजारी येऊन बसले.

"मलाही वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वाटी न उचलताच फिरायला गेले.