पिकअपवरचं घर

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांनी पिकअपच्या हौद्यावर प्लायवूडची खोली बांधायला घेतली. सहा महिने अंगणात करवत चालली. झोपायच्या फळीचं माप घ्यायला मला सारखं आत आडवं व्हावं लागे. पायाशी दार आणि दारातून दिसणारा रस्ता. तेव्हापासून घरातल्या पलंगावर मला धड झोप लागत नाही.

काल खोली पुरी झाली. मी म्हटलं, "नव्या घरात आधी दूध उतू जाऊ द्यायचं असतं."

"अगं, ही गाडी आहे," हे म्हणाले, पण शेगडी त्यांनीच पेटवली.

गाडी उतारावर उभी होती. दूध वर आलं आणि एकाच बाजूनं ओघळत दारापर्यंत गेलं. "चाकाखाली दगड लावून लेव्हल करायला हवी होती," असं पुटपुटत हे फडकं शोधू लागले. मी पुसू दिलं नाही.

समोरच्या आमच्या विटांच्या घरातही, राहायला आलो त्या दिवशी, असंच दूध उतू गेलं होतं. तेव्हा वाटलं होतं, चला, पोचलो एकदाचे. पोचलेल्या माणसाचे पाय असे शिवशिवतात का?

घराचं दार उघडंच राहिलं होतं. नुसतं ओढून घ्यायला म्हणून मी खाली उतरले, ती कुलूप लावूनच परत आले.