दोन बरण्यांतले मासे

अर्धी बरणी आत्याला बघवत नसे. लोणचं असो, गूळ असो, दोन अर्ध्या दिसल्या की एकीत रिचवायच्या आणि मोकळी झालेली धुऊन पालथी घालायची. बाबांची ही थोरली बहीण परळच्या आमच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं हेच करत आली होती, आणि घरातली शहाणी, एम.एस्सी. करणारी मी, नेमकं तेच विसरले.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. कॉलेज आज उघडं तर उद्या बंद. या वर्षी प्रबंध झाला नाही तर शिक्षण पुरे, स्थळं बघायची, असं बाबांनी बजावलेलं. म्हणून माशांच्या दोन्ही बरण्या मी घरी आणल्या.

मासे बोटाएवढे, आमच्या कोकणातल्या गावच्या व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले. एका बरणीत धबधब्याच्या वरचे, दुसरीत खालचे. खालच्या माशाला धबधबा चढता येत नाही, त्यामुळे वरच्यांची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या आपसातच. तेव्हा त्यांची घडण निराळी झाली असणार, हा माझा दावा. पाठीवरच्या पराचे काटे मोजून तो मी निम्माशिम्मा सिद्धही केला होता. वरच्यांना एक काटा जास्त निघत होता.

एका संध्याकाळी वाचनालयातून आले तर फळीवर एकच बरणी, गळ्यापर्यंत भरलेली. दुसरी मोरीत पालथी. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या चुलीत गेलेल्या.

"अगो, अर्धी अर्धी कशाक व्हयी? एकाच व्हाळातले मां सगळे?" आत्या म्हणाली. वर मासे टिकवायला घातलेल्या फॉर्मॅलिनच्या वासाने तिचंच डोकं दुखलं, ही तक्रारही माझ्याकडेच.

तोंडाला येईल ते मी तिला बोलले. मग बोलणंच टाकलं.

प्रबंधाच्या सरांकडे गेले तर ते शांतपणे म्हणतात, "तुमच्या मते ते वेगळे आहेत ना? मग वेगळे करा." बोलायला यांचं काय जातं! असा संताप आला की परत येताना बसचे दोन स्टॉप चालतच आले.

तीन दिवस भिंग लावून बसले. डाव्या बशीत वरचे, उजवीत खालचे. बाहेर सभेचा कर्णा, आत आईचं "जेवून घे गं", आणि समोर हे मेले मासे, धड इकडचे नाहीत की तिकडचे नाहीत. शेवटचा काटा बुडापासून दुभंगलेला असायचा. तो एक धरायचा की दोन? आधी मी काय धरत होते? ते आठवलं आणि चिमटा हातातच राहिला. आधी मी बरणीवरची चिठ्ठी वाचून मोजत होते. वरचा मासा असला की दोन, खालचा असला की एक. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सरांना सगळं सांगितलं. नवे मासे आणा, चिठ्ठी झाकून मोजा, म्हणाले. म्हणजे आणखी एक वर्ष.

ते बाबांना कसं सांगावं या विवंचनेत मी घरी पोचले, तर आत्या बाबांसमोर पदराचं टोक पिळत उभी होती. "चूक माझी. मीच नासवलंय तिचा काम. पोरीक एक वर्स दी," ती म्हणत होती. शेवटी बाबा बरं म्हणाले. मी दारातच उभी होते. चिठ्ठी वाचून मोजल्याचं सांगितलं नाही.